मुख्य पात्राची पहिली भेट : नव्या कथालेखकांसाठी

नव्याने लिहू लागलेल्या मित्रमैत्रिणी आपल्या कथा वाचायला देतात, तेव्हा एक परिच्छेद मला हटकून भेटतो. नाव-गाव बदलतं, घडण तीच असते. नमुन्यासाठी मीच एक लिहिते:

'वत्सला ही मंगळवेढ्यात राहणारी एक कष्टाळू आणि स्वाभिमानी स्त्री होती. तिचं वय बावन्न होतं. रंग सावळा, बांधा मध्यम. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. तेव्हापासून ती एकटीच पिठाची गिरणी चालवत होती. मुलगा पुण्यात नोकरीला होता. वत्सलाचा स्वभाव मायाळू, पण थोडा तापट होता.'

व्याकरण नीट आहे, माहिती पूर्ण आहे. पण हा लग्नाचा बायोडाटा झाला. नाव, वय, वर्ण, बांधा, घरची माणसं, स्वभाव. बायोडाटा वाचून आपण फार तर 'बघायला जायचं का' एवढं ठरवतो. माणूस कळायला लागतो तो पोह्यांची बशी समोर आल्यावर. बशी कुणी आधी उचलली, कोण कुणाकडे बघायचं टाळतंय, प्रश्न मुलीला विचारला तर उत्तर कोण देतंय, यातून.

मीही अशाच सुरुवाती लिहायचे. पहिल्या दोन-तीन वर्षांत एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा परत आली. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं होतं, 'तिसऱ्या पानापासून वाचली.' पहिली दोन पानं नायिकेच्या वर्णनाची होती आणि मी तीच सगळ्यात मन लावून लिहिली होती. वाईट वाटलं. काही दिवसांनी ती दोन पानं काढून ठेवली आणि उरलेली कथा सलग वाचली, तर कशाचीच उणीव भासली नाही. त्या दोन पानांत मी नायिकेची माहिती दिली होती, भेट घडवलीच नव्हती. तेव्हापासून जे शिकत आले ते इथे पायरीपायरीनं मांडते. वर ज्या वत्सलाची ओळख फसली, तिलाच शेवटपर्यंत सोबत घेऊ.

पहिली पायरी : कथेच्या आधी वही

कथेचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. या माणसाला आज काय हवंय? हा माणूस काय लपवतोय? याचे हात काय करतात?

'आज' या शब्दावर माझा भर आहे. 'वत्सलाला सुखी व्हायचं आहे' या उत्तराचा कथेला काही उपयोग नाही, कारण सुखी सगळ्यांनाच व्हायचं असतं. 'संध्याकाळी लाईट जायच्या आत रांगेतले नऊ डबे दळून संपवायचे आहेत' हे उत्तर कामाचं आहे. त्यात घाई आहे, अडथळ्याची शक्यता आहे, आणि तिचा चरितार्थही दिसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं खुर्चीत बसून फारशी सापडत नाहीत. त्यासाठी त्या जागी जाऊन बसावं लागतं. मी एका गिरणीत दोन दुपारी बसले. बाहेरून गिरणी म्हणजे आवाज आणि पीठ, एवढंच वाटतं. आत बसल्यावर दिसलं की तिथे कुणी बोलतच नाही. बोलून उपयोग नसतो. गिऱ्हाईक अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून दाखवतं, म्हणजे बारीक दळा. बोटं वर करून किती किलो ते सांगतं. गिरणीवाला खाली पडणाऱ्या पिठाखाली हात धरतो, चिमूट चोळतो आणि त्यावरून दगड आवळायचे की सैल करायचे ते ठरवतो. पीठ हाताला जास्त गरम लागायला लागलं की त्याला कळतं, दगडांना टाकी लावायची, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेले दगड टोचून पुन्हा खरखरीत करायची वेळ झाली. त्याच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या असतात, आणि घरी जाईपर्यंत तो त्या पुसत नाही.

दुसऱ्या दुपारी मला वत्सलाचं गुपित सापडलं. वर्षानुवर्षं अशा आवाजात उभं राहून माणसाचे कान जातात. वत्सलाला कमी ऐकू येतं, पण गिरणी चालू असेपर्यंत हे कुणालाच कळत नाही, कारण तिथे सगळेच खुणांनी बोलतात. तिच्या कानांवर ज्या आवाजानं घाला घातला, तोच आवाज तिचं व्यंग झाकतो. हे सुचलं तेव्हा मला कथा मिळाली. तोवर माझ्याकडे फक्त एक कष्टाळू स्त्री होती, आणि कष्टाळू स्त्रिया हजारो कथांमध्ये आहेत.

वहीतलं सगळं कथेत येणार नाही. माझ्या वहीची नऊ पानं भरली, कथेत त्यातलं जेमतेम अर्धं पान उतरलं. बाकीचं वाया गेलं असं समजू नका. लेखकाला ते ठाऊक असतं म्हणून वाक्यं डळमळत नाहीत.

दुसरी पायरी : कोणत्या क्षणी आणायचं

बहुतेक नव्या कथा सकाळी सुरू होतात. गजर वाजतो, पात्र उठतं, आरशासमोर उभं राहतं आणि स्वतःचे केस, डोळे, सुरकुत्या न्याहाळतं. आरसा हा बायोडाट्याचाच दुसरा मार्ग आहे. रोज स्वतःचा चेहरा बघणारा माणूस त्याचं वर्णन मनात करत बसत नाही.

रोजचं चाललेलं ज्या क्षणी अडतं, तो क्षण शोधा. अडल्यावर माणूस स्वभावाप्रमाणे वागतो, एरवी सवयीप्रमाणे वागतो. मोठं संकटच हवं असं नाही. घर पेटलं, अपघात झाला, तर कुणीही धावेल, त्यात वेगळेपण दिसणार नाही. वत्सलासाठी लाईट जाणं पुरेसं आहे. गिरणी थांबते, शांतता होते, माणसं साध्या आवाजात बोलू लागतात आणि तिच्यावरचं पांघरूण सरकतं. तिचं गुपित वहीत लिहिलेलं होतं म्हणूनच हा क्षण हाती लागला.

तिसरी पायरी : तिला काय म्हणायचं

मराठीत लिहिणाऱ्याला या निर्णयातून सुटका नाही. 'वत्सला आली' की 'वत्सलाबाई आल्या'? पहिल्या वाक्याच्या क्रियापदातच निवेदकाचं त्या माणसाशी नातं ठरून जातं. 'आल्या' म्हटलं की वाचक दोन पावलं दूर उभा राहतो. 'आली' म्हटलं की तो थेट तिच्या ओट्यापाशी जातो. पुरुषांचंही तसंच. 'सर वर्गात शिरले, त्यांनी खडू उचलला' आणि 'तो वर्गात शिरला, त्यानं खडू उचलला' या दोन वेगळ्या कथांच्या सुरुवाती आहेत. पहिली विद्यार्थ्याच्या बाकावरून दिसते, दुसरी शिक्षकाच्या आतून.

कोणतंही एक निवडा आणि ते सांभाळा. पहिल्या पानावर 'ती' आणि तिसऱ्यावर 'त्या' झाल्या, की दोन बायका आहेत असा वाचकाचा समज होतो. मुद्दाम बदलायचं असेल तर मात्र यासारखं शस्त्र नाही. वडिलांना जन्मभर 'ते' म्हणणारा मुलगा एका वाक्यात 'तो' म्हणून गेला, तर त्या घरात काय तुटलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आडनावाचा विचार याहूनही जपून करा. आडनावातून वाचक गाव, प्रदेश आणि जात वाचतो, आपल्याला आवडो वा न आवडो. पुष्कळ नवे लेखक नायकाला जोशी, कुलकर्णी किंवा देशपांडे करतात आणि विचारलं तर म्हणतात, 'काही नाही, साधं आडनाव घेतलं.' आपल्याकडे तसं साधं आडनाव नसतं. या तीन आडनावांना साधं समजणं ही आपल्या वाचनाची सवय आहे आणि ती सवय तपासायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आडनाव कथेचा भाग असेल तर बेधडक पहिल्या ओळीत घाला. नसेल तर नुसतं नाव पुरतं. वत्सलाला मी आडनाव दिलंच नाही. गल्लीत तिला कुणी आडनावानं हाक मारत नाही.

कथा 'मी'च्या तोंडून सांगणार असाल तर आणखी एक गोष्ट. 'मी निघालो' किंवा 'मी निघाले' म्हणताक्षणी निवेदक बाई आहे की पुरुष ते उघड होतं. ते थोडा वेळ झाकून ठेवायचं असेल तर भाषेत सोय आहे. 'मी डबा उचलला', 'मी दार उघडलं', 'मला भूक लागली' या वाक्यांत क्रियापद डब्याप्रमाणे, दाराप्रमाणे, भुकेप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. पाच-सहा वाक्यं सहज निभतात. कथेला गरज असेल तरच हे करा. आणि तुमची नायिका कोल्हापूरकडची असेल, तर ती स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असं म्हणेल. ते तसंच ठेवा, त्यात तिचं गाव आहे. फक्त दोन-तीन ओळींत कुणीतरी तिला 'अगं' म्हणून हाक मारू द्या, म्हणजे नागपूरचा किंवा मुंबईचा वाचक चकणार नाही.

चौथी पायरी : ती येण्याआधी तिचा लौकिक

प्रत्येक वेळी मुख्य पात्र पहिल्या ओळीत हजर असायलाच हवं असं नाही. तमाशात गण झाला की गवळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची मावशी रंगमंचावर येतात, कृष्णाच्या खोड्यांच्या तक्रारी चालतात, आणि मग कृष्ण पेंद्याला घेऊन त्यांची वाट अडवायला येतो. तो येईपर्यंत प्रेक्षकांच्या मनात त्याची जागा तयार झालेली असते. कथेतही हे करता येतं. गल्लीतल्या दोन बायका वत्सलाविषयी बोलतात आणि मग वत्सला येते.

पण बोलणाऱ्यांना बोलण्याचं स्वतःचं कारण हवं. गवळणी तक्रार करतात कारण त्यांचं दूध-दही लुटलं जातं. 'अगं, तुला तर माहीतच आहे की वत्सलाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला' हे वाक्य मी किती कथांत वाचलं असेल. माहीतच आहे, तर ती सांगते कशाला? वाचकासाठी. आणि ते वाचकाला लगेच समजतं. त्याऐवजी 'माझ्या डब्यात परवा अर्धा किलो कमी भरलं, पण तिला विचारायचं कसं?' असं कुणी कुरकुरलं, तर बोलणारीची काळजीही खरी आणि वत्सलाचा दराराही दिसला.

दुसऱ्याच्या नजरेतून मुख्य पात्र आणण्याचं, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे साने गुरुजींची १९३५ सालची 'श्यामची आई'. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. पहिल्या रात्रीची आठवण सावित्रीव्रताची आहे. आजारपणामुळे आईला वडाच्या प्रदक्षिणा झेपत नाहीत, म्हणून तिच्याऐवजी श्यामनं त्या घालाव्यात असं ती सांगते. मुलं हसतील म्हणून त्याला लाज वाटते, आणि ती लाज सोडायला आई त्याला लावते. एवढ्याशा प्रसंगात तिची श्रद्धा, तिचं दुखणं आणि मुलाला वळण लावण्याची तिची रीत, तिन्ही आली. आई दिसायला कशी होती हा प्रश्नही तेव्हा मनात येत नाही.

पाचवी पायरी : आता प्रसंग लिहा

वत्सलाच्या कथेचा माझा पहिला खर्डा असा होता:

'पट्टा फटफटला आणि थांबला. गिरणीत इतकी शांतता पसरली की डब्यावर बसलेल्या माशीची गुणगुण ऐकू यावी.

"लाईट गेली वाटतं," कोपऱ्यातले म्हातारबाबा म्हणाले.

वत्सला ज्वारीच्या पिठाची चिमूट अंगठ्यानं चोळत उभी होती.

"काकू, लाईट आली की माझी भगर आधी घ्या. उद्या एकादशी आहे," मागून सुनंदा म्हणाली.

वत्सला चिमूट चोळत राहिली.

"काकू!"

सुनंदाच्या पोरानं पदर ओढला तेव्हा ती वळली. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. तिनं एकेकाच्या ओठांकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "बारीकच देते की. जाड कधी दिलंय तुला?"'

वय कुठेही सांगितलेलं नाही. 'काकू' आणि 'पदर' यांनी ते काम केलं. 'तिला ऐकू येत नव्हतं' हेही लिहिलेलं नाही. प्रश्न भगरीचा होता आणि उत्तर बारीक दळणाचं आलं, तिथे वाचक थबकतो. ती हसते, दटावल्यासारखं बोलते, म्हणजे झाकायची तिला सवय आहे आणि आपल्या कामाचा अभिमानही आहे. 'स्वाभिमानी' हा शब्द आता लिहायची गरज उरली नाही.

तरी या खर्ड्यात एक मोठी चूक आहे आणि ती मला तिसऱ्या वाचनात दिसली. ही माशीची गुणगुण कुणाला ऐकू येते? प्रसंग गल्लीतल्या कुणाच्या तरी बाजूनं सांगायचा असेल तर ठीक. पण माझी कथा पुढे वत्सलाच्या मनातून चालते. तिला माशी ऐकू येणार नाही, तिला शांतताही ऐकू येणार नाही, आणि म्हातारबाबा काय म्हणाले तेही कळणार नाही. मग तिच्यासाठी गिरणी थांबते कशी? पुष्कळ विचार केल्यावर सुचलं, पायातून. पहिलं वाक्य बदललं: 'पायाखालची फरशी थरथरायची थांबली.' म्हातारबाबांचं वाक्य काढलं. सुनंदाचंही पहिलं वाक्य काढलं. आता वत्सला वळते, सगळ्यांचे ओठ हलताना बघते, 'दळ' सारखं काहीतरी ओठांवरून उचलते आणि बारीक-जाडाचं बोलून मोकळी होते. भगरीचा विषय होता हे वाचकाला नंतर, तिच्यासोबतच कळतं.

दोन्ही खर्डे चालण्यासारखे आहेत. पहिल्यात वाचकाला तिच्याहून जास्त माहीत असतं, दुसऱ्यात तिच्याइतकंच. पण हे दोन्ही एकाच प्रसंगात मिसळू नका. पहिल्या भेटीत वाचक कुणाच्या कानांनी ऐकतोय आणि कुणाच्या डोळ्यांनी बघतोय, हे प्रत्येक वाक्याला विचारा.

सहावी पायरी : रूप आणि पूर्वकथा

रूपाची एखादी खूण पुरते आणि ती कामातून किंवा प्रसंगातून आलेली असावी. वत्सलाच्या पांढऱ्या पापण्या लक्षात राहतात. तिचा सावळा रंग आणि मध्यम बांधा मलाच आठवत नाही.

पूर्वकथेसाठी एक सोपी कसोटी आहे. पहिल्या पानावरची 'गेला होता, झालं होतं, वारला होता, घेतली होती' अशी सगळी क्रियापदं पेन्सिलीनं अधोरेखित करा. ही क्रियापदं वाचकाला समोरच्या प्रसंगातून उचलून मागे नेतात. पहिल्या पानावर अशी दोन-तीन असतील तर असू द्या. दहा-बारा निघाली तर तुमची कथा अजून सुरू झालेली नाही. नवरा वारल्याचं मी चौथ्या पानावर आणलं, तेही तो ज्या फळीवर उदबत्ती लावायचा तिथे ती आता टॉर्च ठेवते, एवढ्यानंच.

सातवी पायरी : बोली

पात्र बोलतं तेव्हा त्याच्या गावाचं बोलू द्या. पण तुम्हाला जी बोली घरात ऐकून येते तीच वापरा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांचे चार शब्द ऐकीव माहितीवर टाकले, तर त्या भागातला वाचक पहिल्या वाक्याला पुस्तक मिटतो, आणि त्याचं बरोबर असतं. बोली येत नसेल तर साधी मराठी लिहा आणि वाक्याचा हेल सांभाळा. 'देते की' मधला 'की' पुष्कळ काम करतो.

पहिल्या प्रसंगात नावं दोनच ठेवा, फार तर तीन. म्हातारबाबांना मी नाव दिलं नाही, कारण ते पुन्हा येत नाहीत.

आठवी पायरी : मोठ्यानं वाचून दाखवा

पहिलं पान झालं की कुणाला तरी वाचून दाखवा. शक्यतो कथा न लिहिणाऱ्या माणसाला. 'आवडलं का?' असं विचारू नका, आपली माणसं 'छान आहे' म्हणतात. वाचून थांबा आणि ऐकणारा आपणहून काय विचारतो ते लिहून घ्या. 'ही कोण? हिचं काय चाललंय?' असं विचारलं तर पहिल्या पायरीवर परत जा. पुढे काय झालं याची विचारणा आली तर पात्र भेटलं, लिहीत राहा.

वत्सलाचं पान मी शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं. त्यांना कथेबिथेत रस नाही, पण एकादशी त्या कडक पाळतात. त्यांनी ऐकून घेतलं, क्षणभर गप्प बसल्या आणि विचारलं, "मग लाईट आल्यावर तिनं त्या पोरीची भगर ज्वारीच्या पिठावरच दळली का गं? दगड न झाडता?"

मी यातलं काहीच ठरवलं नव्हतं. घरी येऊन वही उघडली आणि पुढचा प्रसंग लिहायला घेतला. लाईट येते, वत्सला रांगेतला पुढचा डबा उचलून ज्वारी संपल्यासंपल्या नेहमीसारखा त्यावरच ओतते, आणि सुनंदा दोन्ही हात हलवत ओरडत पुढे येते.